वेबसाइटची बिल्टी व्यापाऱ्याने स्वतः तपासावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

'वेबसाइट केली, पैसे भरले, पण गुगलवर दुकानाच्या नावापलीकडे आमचं काहीच सापडत नाही' ही तक्रार चाटी गल्लीतल्या चादरवाल्यांपासून अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखानदारांपर्यंत आणि शालेय गणवेश शिवणाऱ्यांपर्यंत सगळीकडे ऐकू येते. अशा तक्रारीमागे कारणे अनेक असतात. त्यांतले एक मात्र व्यापाऱ्याला स्वतः, संध्याकाळी गल्ला मोजून झाल्यावर तासाभरात तपासता येते. ते म्हणजे साइटमॅप. या नावाखाली दरमहा पैसे घेतले जातात आणि फाइल मात्र चुकीची पडून राहते, हे आम्हा वेबसाइट बांधणाऱ्यांना वारंवार दिसते. म्हणून हे पत्र थोडे सविस्तर लिहीत आहोत. जागा करून दिलीत तर उपकार होतील.

ट्रान्सपोर्टला गठ्ठे टाकताना सोबत बिल्टी असते. कोणता माल, किती नग, कुणाकडे जायचा, हे तिच्यावर लिहिलेले असते. साइटमॅप ही वेबसाइटची बिल्टी. आपल्या साइटवर कोणकोणती पाने आहेत आणि प्रत्येक पान शेवटचे कधी बदलले, याची यंत्राला वाचता येईल अशी यादी. गुगलने ही पद्धत २००५ मध्ये आणली आणि २००६ मध्ये गुगल, याहू व मायक्रोसॉफ्ट या तिघांनी मिळून एकच नमुना मान्य केला. तोच नमुना आजही चालतो. तो वापरायला कुणाची परवानगी लागत नाही आणि शुल्कही नाही. साइटमॅप 'सबमिट' करण्याचे कुणी वेगळे पैसे मागत असेल, तर नेमके कोणते काम केले ते त्याला विचारावे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. साइटमॅप दिला म्हणजे पान गुगलवर आलेच पाहिजे, असा नियम नाही. पहिल्या क्रमांकाशी तर त्याचा संबंधच नाही. गुगलचेच म्हणणे असे आहे, की साधारण ५०० पानांपर्यंतची साइट असेल आणि मुख्य पानावरून दुवे धरत धरत प्रत्येक पानापर्यंत पोचता येत असेल, तर साइटमॅपवाचूनही चालते. मग आपल्याकडच्या छोट्या साइटने तो का करावा? कारण 'प्रत्येक पानापर्यंत पोचता येत असेल' ही अटच आपल्या साइट अनेकदा पाळत नाहीत. गणवेशाचा कॅटलॉग बघायचा तर आधी शाळेचा प्रकार निवडा, मग इयत्ता, मग साइज, मग 'शोधा' हे बटण दाबा, अशी रचना असते. गुगलचा बॉट, म्हणजे पाने आपोआप वाचत फिरणारा प्रोग्रॅम, असे फॉर्म भरत बसत नाही. त्याला दुवा लागतो. शिवाय नव्या साइटकडे बाहेरून कुणाचे दुवे नसतात, त्यामुळे बॉट तिच्याकडे वळायलाच वेळ लागतो. या दोन्ही ठिकाणी साइटमॅपचा खरा उपयोग आहे. तरी फॉर्ममागे दडलेल्या पानांना साधे दुवेही द्यावेतच, नुसत्या यादीवर भागवू नये.

आता फाइल आतून कशी असते ते बघू. (वर्तमानपत्रात टॅगची, म्हणजे माहितीभोवती लावायच्या खुणांची, नावे उच्चाराप्रमाणे देत आहोत. फाइलमध्ये ती इंग्रजी छोट्या लिपीतच टाइप करावी लागतात.) पहिल्या ओळीत ही एक्सएमएल (टॅग लावून माहिती लिहिण्याची पद्धत) फाइल आहे आणि तिची लिपी-संहिता, म्हणजे अक्षरे साठवण्याची पद्धत, यूटीएफ-८ आहे, अशी घोषणा. मग 'यूआरएलसेट' हा बाहेरचा टॅग. त्यातच नमुन्याचा ठरलेला पत्ता, म्हणजे साइटमॅप्स डॉट ऑर्गच्या ०.९ आवृत्तीचा, द्यावा लागतो. तो एका अक्षराने जरी चुकला तरी फाइल नाकारली जाते. आत प्रत्येक पानासाठी एक 'यूआरएल' टॅग आणि त्याच्या पोटात 'लॉक', म्हणजे पानाचा पूर्ण पत्ता. पूर्ण म्हणजे एचटीटीपीएसपासून शेवटपर्यंत, अर्धवट चालत नाही. एवढे सक्तीचे. बाकी तीन टॅग ऐच्छिक आहेत: 'लास्टमॉड' (शेवटच्या बदलाची तारीख), 'चेंजफ्रीक' (पान किती वेळा बदलते) आणि 'प्रायॉरिटी' (पानाचे महत्त्व). शेवटच्या दोघांकडे गुगल बघतही नाही. तरीही 'आम्ही तुमच्या सगळ्या पानांची प्रायॉरिटी १.० केली' असे काम म्हणून दाखवले जाते. त्याने काडीचा फरक पडत नाही.

लास्टमॉडचे मात्र तसे नाही. ही तारीख खरी आहे, असे गुगलला वारंवार पडताळून पटले तरच तो ती मानतो. बिल्टीवर लिहिलेला नग गाडीतून उतरलाच नाही, तर गोदामवाला पुढच्या वेळी सगळीच बिल्टी संशयाने वाचतो, तसेच हे. काही प्रोग्रॅम रोज रात्री फाइल नव्याने बनवतात आणि सगळ्याच पानांवर आजची तारीख टाकतात. बॉट येतो, पान बघतो, अक्षरही बदललेले नसते. असे होत राहिले की त्या साइटच्या तारखांवरचा भरवसा जातो आणि खरोखर भाव बदललेले पानही लवकर वाचले जात नाही. म्हणून मजकूर, भाव, फोटो किंवा साठा खरोखर बदलला तरच तारीख बदलावी. तळाशी वर्ष बदलणे हा बदल नव्हे. खात्रीची तारीख मिळतच नसेल, तर हा टॅग सरळ गाळावा. खोट्यापेक्षा नसलेली बरी.

तारीख लिहिण्यातही आपली सवय आड येते. आपण दिवस आधी लिहितो, फाइलमध्ये वर्ष आधी लागते: २०२५-०१-१४ असे, दोन अंकी महिना आणि दोन अंकी दिवसासह. अंक इंग्रजीच हवेत. मराठी कळफलक चालू राहिला आणि देवनागरी अंक पडले, की डोळ्यांना तारीख बरोबर दिसते पण यंत्राला ती तारीखच वाटत नाही. वेळही द्यायची असेल तर शेवटी आपला कालविभाग, म्हणजे अधिक ०५:३० लिहावा. काही जण कुठूनतरी नमुना उचलतात आणि त्याच्या शेवटचे 'झेड' हे अक्षर तसेच ठेवतात. झेड म्हणजे जागतिक वेळ. सकाळी दहाला बदललेले पान मग दुपारी साडेतीनला बदलल्याचे दिसते, म्हणजे साडेपाच तास भविष्यात.

मर्यादा दोन आहेत. एका फाइलमध्ये ५०,००० पत्ते आणि न दाबलेल्या (कॉम्प्रेस न केलेल्या) स्थितीत ५० एमबी. त्यापुढे गेल्यास फाइल फोडून त्या सगळ्यांची एक वरची फाइल करावी लागते, तिला साइटमॅप इंडेक्स म्हणतात. सोलापुरातल्या दुकानाला ही मर्यादा कधी आडवी येईल असे वाटत नाही, तरीही फाइल प्रकारांनुसार वेगळ्या ठेवाव्यात: चादरी एका फाइलमध्ये, टॉवेल दुसरीत, लेख तिसरीत. सर्च कन्सोल या गुगलच्या साधनात (त्याबद्दल पुढे सांगतो) एकेका साइटमॅपपुरता अहवाल बघता येतो. त्यामुळे 'टॉवेलची ४० पाने दिली, त्यांतली १२च इंडेक्स झाली (गुगलच्या नोंदीत आली)' हे एका नजरेत कळते. सगळा माल एकाच गठ्ठ्यात बांधला तर नेमके काय अडले ते सापडत नाही.

बहुतेकांना ही फाइल हाताने लिहावी लागत नाही. वर्डप्रेस या साइट बांधण्याच्या प्रणालीत ५.५ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, साइटमॅप आपोआप बनतो. आपल्या डोमेनच्या पुढे तिरकी रेघ देऊन 'डब्ल्यूपी-साइटमॅप डॉट एक्सएमएल' टाइप केले की तो दिसतो. योस्टसारखे प्लगइन (वर्डप्रेसला जोडायचा पूरक प्रोग्रॅम) घातलेले असेल तर हा बंद होतो आणि त्या प्लगइनचा 'साइटमॅप अंडरस्कोर इंडेक्स डॉट एक्सएमएल' सुरू होतो. दोन एसईओ (शोधात साइट दिसावी यासाठीची) प्लगइन एकाच वेळी चालू ठेवू नयेत. दोन वेगळ्या याद्या तयार होतात आणि एकीत काढून टाकलेले पान दुसरीत राहून जाते. शॉपिफायवर आणि ब्लॉगरवर नुसते 'साइटमॅप डॉट एक्सएमएल' पुरते. ब्लॉगरमध्ये लेखांव्यतिरिक्तची स्थिर पाने 'साइटमॅप-पेजेस डॉट एक्सएमएल' या वेगळ्या फाइलमध्ये असतात, हे पुष्कळांना माहीत नसते.

वर्डप्रेसवाल्यांनी सर्वांत आधी एक जागा बघावी: सेटिंग्ज, मग रीडिंग, तिथे तळाशी सर्च इंजिनांना या साइटपासून परावृत्त करणारी एक चौकट आहे. साइट बांधताना अर्धवट पाने गुगलवर जाऊ नयेत म्हणून बांधणारा तिथे टिक करतो, आणि साइट सुरू झाल्यावर ती काढायची राहून जाते. ती टिक असेपर्यंत प्रत्येक पानावर 'नोइंडेक्स'ची, म्हणजे 'हे पान नोंदीत घेऊ नका' अशी, सूचना जाते आणि वर्डप्रेसचा स्वतःचा साइटमॅपही बंद राहतो. पुढे कितीही खर्च केला तरी काही दिसणार नाही. एका टिकमुळे साइटचे वर्ष वाया जाऊ शकते, हे लक्षात घ्या.

साइट हाताने बांधलेली आणि पाने वीस-पंचवीस असतील, तर एक्सएमएलही लागत नाही. साधी टेक्स्ट फाइल चालते: एका ओळीत एक पूर्ण पत्ता, दुसरे काहीही नाही. नोटपॅडमध्ये लिहून 'सेव्ह ॲज' करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडावे. शेजारीच 'विथ बीओएम' असा पर्याय असतो, तो नको. एक्सएमएल करायचीच असेल तर प्रकार 'ऑल फाइल्स' निवडावा, नाहीतर नोटपॅड शेवटी 'डॉट टीएक्सटी' जोडते आणि फाइलचे नाव 'साइटमॅप डॉट एक्सएमएल डॉट टीएक्सटी' होऊन बसते. मग सीपॅनेलच्या, म्हणजे होस्टिंग (साइट ठेवलेली भाड्याची जागा) सांभाळण्याच्या पानाच्या, फाइल मॅनेजरमधून 'पब्लिक एचटीएमएल' फोल्डरच्या थेट मुळाशी ती चढवावी. आतल्या एखाद्या फोल्डरात ठेवलेली यादी मूळ नियमाप्रमाणे त्या फोल्डरापुरतीच धरली जाते.

आता मराठी साइटचा एक खास प्रश्न. तो इंग्रजी मार्गदर्शनात सहसा येत नाही, म्हणून इथे जरा थांबतो.

देवनागरीतले प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते, आणि पत्त्यात जाताना प्रत्येक बाइटचे टक्केचिन्हासह तीन अक्षरी सांकेतिक रूप होते. म्हणजे एका चिन्हाला नऊ जागा. मात्रा आणि वेलांट्या ही स्वतंत्र चिन्हे आहेत. त्यामुळे 'चादर' या शब्दात च, काना, द आणि र अशी चार चिन्हे, म्हणजे ३६ जागा. वर्डप्रेस पानाच्या पत्त्याला, ज्याला स्लग म्हणतात, २०० जागा देते. आता 'सोलापुरी जेकार्ड चादर घरी धुण्याची योग्य पद्धत' असा मथळा घ्या. पहिल्या तीन शब्दांची १९ चिन्हे, १७१ जागा. तीन मोकळ्या जागा धरून १७४. मग घ आणि र मिळून १९२. 'घरी'ची वेलांटी घ्यायला गेले की आकडा २०१ होतो, म्हणून वर्डप्रेस तिथेच कापते. पत्ता उरतो 'सोलापुरी-जेकार्ड-चादर-घर'. धुण्याची पद्धत गेली, वेलांटीही गेली. उद्या 'सोलापुरी जेकार्ड चादर घरपोच' असे दुसरे पान केले, तर त्याचा पत्ताही 'घर'पाशीच तुटतो आणि आधीच्याशी जुळतो म्हणून त्यापुढे '-२' लागते. एक पान धुण्याचे, दुसरे विक्रीचे, आणि पत्त्यावरून कोणते कोणते ते ओळखता येत नाही.

याने गुगल पान नाकारत नाही, हे खरे. पण व्हॉट्सॲपवर तो दुवा पाठवला की टक्केचिन्हांची लांबलचक माळ दिसते आणि गिऱ्हाईक दाबायला कचरते. उपाय सोपा आहे. पान प्रसिद्ध करण्याआधी स्लगच्या चौकटीत दोन-तीन शब्दांचा पत्ता स्वतः लिहावा, मराठीत किंवा रोमन लिपीत. प्रसिद्ध झाल्यानंतर बदलायचा असेल तर सांभाळून. वर्डप्रेसमध्ये 'पोस्ट' प्रकारच्या मजकुराचा जुना पत्ता आपोआप नव्याकडे वळतो, 'पेज' प्रकारच्या मजकुराचा वळत नाही. तिथे ३०१ प्रकारचे, म्हणजे जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमचे वळवणारे, रीडायरेक्ट स्वतः द्यावे लागते. साइटमॅपमध्ये मग नवाच पत्ता असला पाहिजे.

हाताने प्रोग्रॅम लिहिलेल्या साइटवर याहून वाईट प्रकार होतो. पत्ता बनवताना 'अक्षर किंवा अंक नसेल ते काढून टाक' असा नियम प्रोग्रॅममध्ये असतो. युनिकोडच्या हिशेबात काना, मात्रा, वेलांटी, उकार ही अक्षरे नव्हेत, जोडचिन्हे आहेत. पुष्कळ प्रोग्रॅमिंग भाषांचा तयार नियम ती गाळतो. 'सोलापुरी चादर'चे 'सलपर-चदर' होते. 'चादर' आणि 'चादरी' दोन्हींचे 'चदर' होते, आणि दोन पाने एकाच पत्त्यावर येऊन आदळतात. साइटमॅपमध्ये तेव्हा पत्ता दोनदा दिसतो, उघडते मात्र एकच पान. आपली साइट अशी असेल तर साइटमॅप उघडून मराठी पत्ते एकदा डोळ्यांखालून घालावेत. मात्रा गेलेल्या दिसल्या तर नियमात जोडचिन्हांना परवानगी द्यायला प्रोग्रॅमरला सांगावे.

फाइल ब्राउझरमध्ये उघडल्यावर 'या एक्सएमएल फाइलला स्टाइलची माहिती जोडलेली दिसत नाही' अशा अर्थाची इंग्रजी ओळ वर येते. ती चूक नव्हे. फाइल नीट असल्यावरही ती येते, तिला घाबरू नये. घाबरायचे ते 'एरर ऑन लाइन' असे सुरू होणाऱ्या ओळीला. त्यात सर्वांत जास्त भेटणारी चूक म्हणजे घोषणा फाइलच्या अगदी सुरुवातीला नाही ही. घोषणेच्या आधी एक रिकामी ओळ किंवा एक मोकळी जागा असली तरी अख्खी फाइल बाद. वर्डप्रेसमध्ये ही ओळ बहुधा थीमच्या किंवा एखाद्या प्लगइनच्या पीएचपी फाइलच्या शेवटी कुणीतरी सोडलेल्या एंटरमधून येते. प्लगइन एकेक करून बंद केले की कोणाचे काम ते सापडते. दुसरी नेहमीची चूक & या चिन्हाची. रंग आणि साइज निवडल्यावर बनणाऱ्या पत्त्यात हे चिन्ह असते. एक्सएमएलमध्ये ते तसे उघडे लिहिता येत नाही, त्यापुढे इंग्रजी ए-एम-पी ही तीन अक्षरे आणि अर्धविराम जोडावा लागतो.

या चुका निदान दिसतात तरी. न दिसणाऱ्या जास्त नुकसान करतात. साइट नव्या होस्टिंगवर हलवली आणि साइटमॅपमध्ये चाचणीच्या तात्पुरत्या डोमेनचे पत्ते राहिले. एसएसएल (सुरक्षित जोडणीचे प्रमाणपत्र) बसवले, साइट एचटीटीपीएसवर गेली, यादी अजून एचटीटीपीवर. साइट 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू'सह चालते आणि यादी त्याविना आहे. प्रत्येक वेळी बॉटला आधी चुकीच्या दारात जाऊन मग खऱ्या दाराकडे वळावे लागते. यादीत फक्त तेच पत्ते हवेत, जे उघडल्यावर २०० हा ('सर्व ठीक' असा) उत्तर-क्रमांक देतात, दुसरीकडे वळत नाहीत, ज्यांवर नोइंडेक्स नाही आणि ज्यांचा कॅनॉनिकल, म्हणजे अधिकृत ठरवलेला, पत्ता तोच आहे. कार्ट, लॉगइन, 'धन्यवाद'चे पान, आतल्या शोधाचे निकाल आणि एकाच चादरीच्या रंगांनुसार होणाऱ्या आठ-दहा जुळ्या पत्त्यांना यादीत जागा नाही. जुन्या वर्डप्रेसमध्ये चढवलेल्या प्रत्येक फोटोचे वेगळे पान बनत असे. काही प्लगइन तीही पाने यादीत ओढतात, ती बंद करावीत.

फाइल तयार झाली की रोबोट्स डॉट टीएक्सटी या, बॉटने कुठे जावे आणि कुठे नाही ते सांगणाऱ्या, फाइलमध्ये 'साइटमॅप' हा शब्द, इंग्रजी कोलन (:) आणि पूर्ण पत्ता अशी एक ओळ घालावी. त्याच फाइलमध्ये 'डिसअलाऊ'पुढे नुसती एक तिरकी रेघ दिसली, तर अख्ख्या साइटला बंदी घातलेली आहे असे समजावे. तीही बांधकामाच्या काळातली राहून गेलेली खूण.

मग सर्च कन्सोल. हे गुगलचे मोफत साधन आहे. मालकी सिद्ध करण्यासाठी डोमेनच्या डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदवहीत) एक टीएक्सटी नोंद घालायची, किंवा गुगलने दिलेली छोटी फाइल साइटवर चढवायची. डीएनएसचा मार्ग चांगला, कारण त्यात एचटीटीपी-एचटीटीपीएस, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असो-नसो, सगळे एकत्र येते. आमचा इथे कळकळीचा आग्रह आहे: मालकाचा हक्क दुकानाच्या स्वतःच्या ईमेलवर घ्या. साइट बांधणाऱ्याला वापरकर्ता म्हणून जोडा. डोमेन, होस्टिंग आणि सर्च कन्सोल तिन्ही दुसऱ्याच्या खात्यावर, आणि त्या माणसाने फोन उचलणे बंद केले, ही अडचण सोलापुरात कित्येकांना आली आहे. दुकानाची किल्ली आपण शेजाऱ्याकडे कायमची ठेवत नाही.

आत गेल्यावर डावीकडे 'साइटमॅप्स' आहे. तिथे फाइलचा पत्ता टाकून सबमिट करायचे. हे एकदाच. दर आठवड्याला पुन्हा सबमिट करण्याची गरज नाही, गुगल ती फाइल अधूनमधून स्वतःच वाचतो. पूर्वी पत्ता 'पिंग' करण्याची, म्हणजे साइटमॅप बदलल्याचे गुगलला कळवण्याची, सोय होती, ती गुगलने २०२३ मध्ये मोडीत काढली. आजही 'रोज पिंग करतो' असे कुणी सांगत असेल तर ते काम अस्तित्वातच नाही. बिंगसाठी वेगळे वेबमास्टर टूल्स आहे आणि त्यात सर्च कन्सोलमधली साइट थेट आयात करता येते.

'सक्सेस' असे हिरवे दिसले म्हणजे फाइल वाचता आली, इतकेच. 'कुडन्ट फेच' आले तर साइटमॅपचाच पत्ता वरच्या तपासणीच्या चौकटीत टाकून 'लाइव्ह टेस्ट' करावी. सुरक्षेचे प्लगइन किंवा होस्टिंगची फायरवॉल बॉटला ४०३ (प्रवेश नाही) देऊन परत पाठवत असते, आणि आपल्या ब्राउझरात मात्र फाइल छान उघडत असते. म्हणून नुसते स्वतः उघडून पाहणे पुरत नाही.

त्यानंतर 'पेजेस'चा अहवाल. 'डिस्कव्हर्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड' म्हणजे पत्ता कळला, बॉट अजून गेला नाही. नव्या साइटला इथे धीर धरावा, आणि मुख्य पानावरून त्या पानाकडे दुवा द्यावा. 'क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड' म्हणजे पान पाहिले आणि ठेवून घेतले नाही. इथे साइटमॅपचा दोष नसतो, बहुधा मजकुराचा असतो. शंभर चादरींच्या पानांवर 'उत्तम दर्जाची सोलापुरी चादर' हे एकच वाक्य असेल तर गुगलने शंभर पाने का ठेवावीत? माप ६० बाय ९० इंच की डबल, सूत कोणते, वजन किती, रंग उतरतो का, पहिली धुलाई कशी करायची, एका गठ्ठ्यात किती नग, घाऊक मागणी किमान कितीची, हे लिहा. भौगोलिक मानांकन मिळालेल्या चादरीबद्दल सांगण्यासारखे आपल्याकडे कमी नाही.

सोलापूर बहुभाषी आहे. मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नड पाने करणाऱ्यांनी साइटमॅपमध्येच भाषांची जोडणी द्यावी. मराठीसाठी संकेत एमआर, तेलुगूसाठी टीई, कन्नडसाठी केएन. नियम एकच, पण कडक: प्रत्येक भाषेच्या नोंदीत तिन्ही भाषांचे पत्ते हवेत, तिचा स्वतःचाही. मराठी पान तेलुगूकडे बोट दाखवते आणि तेलुगू पान मराठीचे नाव घेत नाही, असे झाले तर ती जोडी धरली जात नाही. फोटोंसाठीही वेगळा टॅग आहे, एका पानामागे १,००० फोटोंपर्यंत. त्यातले मथळा आणि वर्णनाचे टॅग २०२२ मध्ये गुगलने काढून टाकले, आता फक्त फोटोचा पत्ता पुरतो.

जिल्ह्यातल्या बातम्यांच्या संकेतस्थळांसाठीही थोडे. बातम्यांचा साइटमॅप वेगळा असतो. त्यात मागच्या दोन दिवसांतल्याच बातम्या ठेवायच्या, जास्तीत जास्त १,०००. प्रकाशनाचे नाव, भाषा, मथळा आणि प्रसिद्धीची मूळ वेळ द्यायची. सकाळची बातमी दुपारी सुधारली म्हणून तिथली वेळ बदलायची नाही, तो बदल लास्टमॉडमध्ये. दोन दिवसांनी बातमी या फाइलमधून काढायची, मुख्य साइटमॅपमध्ये मात्र ती राहते.

शेवटची गोष्ट जुन्या पानांची. साइटमॅपमधून पत्ता काढला म्हणून पान गुगलवरून जात नाही. सर्च कन्सोलमधून अख्खा साइटमॅप काढला तरी जात नाही. विकायचे बंद झालेले पान खरोखर काढायचे तर सर्व्हरने ४०४ (सापडत नाही) किंवा ४१० (काढून टाकले) उत्तर दिले पाहिजे, किंवा पानावर नोइंडेक्स हवे. आणि नोइंडेक्स लावलेल्या पानाला रोबोट्स डॉट टीएक्सटीमध्ये अडवू नये, कारण बॉट आतच गेला नाही तर ती सूचना वाचणार कशी?

सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेसाठी दर जानेवारीत सवलतीचे नवे पान करण्याची पद्धत पडली आहे, पत्त्यात त्या वर्षाचा आकडा घालून. दर वर्षी नवे पान शून्यापासून सुरू होते आणि जुनी पाने जुने भाव दाखवत पडून राहतात. त्याऐवजी वर्षाचा आकडा नसलेला एकच कायमचा पत्ता ठेवावा, संक्रांतीच्या महिनाभर आधी त्यावरचा मजकूर आणि भाव बदलावेत आणि त्याच दिवशीची खरी तारीख लास्टमॉडमध्ये टाकावी. यात्रा संपली की पान काढू नये, 'पुढच्या जानेवारीत पुन्हा' एवढे लिहून तिथेच घाऊक चौकशीचा फोन नंबर द्यावा.

आपले,
नवी पेठ भागातील वेबसाइट बांधणारे काही तंत्रज्ञ, सोलापूर